जीपचा हिशेब

लेहला असताना आमच्या युनिटकडे एक जुनी विलिस जीप होती, क्वार्टर गार्डजवळ शोभेला उभी केलेली. स्थापना दिनाला ती चालवत आणायची असं ठरलं आणि वर्कशॉपच्या हवालदाराने दोन महिने खपून तिला जिवंत केलं. हेड वाकलं होतं, ते त्याने घासून सपाट करून घेतलं. पुढच्या वर्षी युनिट पठाणकोटला उतरलं, सोबत जीपही. आणि इथे चढावर इंजिन खडखडायला लागलं. निदान ताबडतोब झालं : हेड जास्त घासलं, कॉम्प्रेशन वाढलं, चूक हवालदाराची. प्रकरण कागदावर यायच्या बेतात होतं, आणि त्याच वर्षी त्याचं प्रमोशन होतं.

मी म्हटलं, आधी मोजू या.

हिशेब शाळकरी आहे. पिस्टन तळाशी असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, तिला पिस्टन टोकाला गेल्यावर उरणाऱ्या जागेने भागायचं. विलिसच्या सिलिंडरचा व्यास ७९.४ मिलिमीटर, स्ट्रोक १११.१. म्हणजे एका सिलिंडरमागे ५५० घन सेंटिमीटर. कारखान्याचा आकडा ६.४८, म्हणजे वर साधारण १०० घन सेंटिमीटर जागा उरायला हवी. आम्ही पिस्टन टोकाला आणला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री केली आणि प्लगच्या भोकातून ब्युरेटने पातळ तेल सोडलं. ९२ वर भरलं. ६४२ भागिले ९२, म्हणजे जवळजवळ ७.

म्हणजे हेड घासलं गेलं होतं हे खरं. पण ७ म्हणजे फार का? याचं उत्तर पेट्रोलच्या इतिहासात सापडतं. फोर्डच्या मॉडेल टीचं गुणोत्तर सुमारे ४ होतं. वाढवायचा मोह सगळ्यांनाच होता, पण वाढवलं की इंजिन ठोके मारायचं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या हॅरी रिकार्डोने चालू असतानाच गुणोत्तर बदलता येईल असं इंजिन बनवलं आणि मर्यादा इंधन घालतं हे दाखवून दिलं. अमेरिकेत थॉमस मिजलीला १९२१ च्या डिसेंबरात शिशाचं टेट्राएथिल संयुग सापडलं. त्याने ठोके थांबले, आणि शिसं मात्र पुढची कित्येक दशकं आपण श्वासात घेतलं. (भारतात ते २००० साली बंद झालं.) ऑक्टेनची मोजपट्टी विशीच्या दशकातलीच.

जीप आली १९४१ मध्ये. फौजेची गाडी, मिळेल ते पेट्रोल पचवायला हवं, म्हणून बेताचं कॉम्प्रेशन. आज आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचं. त्याला ७ जड जायचं कारण नाही.

मग खडखड कसली? इथे स्पिटफायरचं मर्लिन इंजिन आठवलं. त्याचं गुणोत्तर ६, तेही बदललं नाही. १९४० मध्ये १०० ऑक्टेन पेट्रोल आलं तसा सुपरचार्जरचा दाब ६ पौंडांवरून १२ वर नेता आला आणि ताकद वाढली. गुणोत्तर फक्त जागेचं गणित सांगतं. त्या जागेत हवा किती शिरली हे वेगळं. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. तिथे सिलिंडर अर्धपोटीच चालतो, म्हणून ठिणगी लवकर दिलेली चालते, किंबहुना द्यावीच लागते. पठाणकोटची हवा भरगच्च.

लेहला गाडी खेचत नव्हती तेव्हा टायमिंग पुढे घ्यायला सांगितलं होतं मीच. हवालदाराने तेव्हा, 'साहब, नीचे जाके वापस करना पड़ेगा' असं म्हटलंही होतं. उतरण्याच्या गडबडीत ते राहिलं.

डिस्ट्रिब्युटर जरा मागे फिरवला, खडखड गेली. हेड तसंच ठेवलं. अहवालात कारण लिहिलं : टायमिंग, माझ्या सांगण्यावरून. आणि खाली सही केली.