हिरव्या ठिपक्यांचे कूळ

मानवी पेशीचे केंद्रक साध्या मायक्रोस्कोपखाली धूसर, जवळपास पारदर्शक दिसते. जनुकांना गप्प बसवणारी प्रथिने त्यात कुठे ठाण मांडून आहेत, हे पाहायचे तर पेशीवर चमकता रंग जोडलेली प्रतिपिंडे सोडतात, जास्तीची धुऊन काढतात आणि निळा प्रकाश टाकतात. काळोखात हिरवे ठिपके उमटतात. प्रयोगशाळांतून हे आता रोजचे काम झाले आहे. पण या ठिपक्यांचे कूळ शोधत मागे गेले, की वाट दोनदा आजाऱ्याच्या खाटेपाशी येऊन थांबते. आणि दोन्ही आजार एका जातीचे: शरीराने स्वतःवरच शस्त्र उचललेले.

पहिला आजार ऱ्हुमॅटिक ताप. मुलाचा घसा दुखतो, बरा होतो, आणि काही आठवड्यांनी सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा धरतात. आपल्याकडून तो अजून गेलेला नाही. १९३९च्या उन्हाळ्यात अल्बर्ट कून्स हा तरुण अमेरिकन डॉक्टर सुट्टीवर बर्लिनमध्ये होता आणि डोक्यात हाच ताप घोळत होता. रुग्णांच्या हृदयात ज्या बारीक गाठी सापडतात, त्यांत घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा काही अंश उरलेला असेल का? त्या अंशाला नेमके ओळखील असे एकच काही होते, त्याच जंतूवर तयार झालेले प्रतिपिंड. पण ते चिकटले तरी दिसणार कसे?

प्रतिपिंडाला रंग जोडता येतो, हे जॉन मॅरॅक यांनी १९३४ मध्ये दाखवले होते. त्यांच्या लाल प्रतिपिंडांनी जंतूंचा लगदा लालसर होई. ऊतकाच्या पातळ कापात मात्र इतका थोडा रंग नजरेत भरण्यासारखा नव्हता. कून्स यांचे शहाणपण इथे आहे: उजेडात फिका रंग हरवतो, काळोखात काजवासुद्धा दिसतो. म्हणजे रंग नको, चमक हवी.

हार्वर्डला परतल्यावर ह्यू क्रीच आणि नॉर्मन जोन्स या रसायनतज्ज्ञांच्या साथीने त्यांनी आधी अँथ्रॅसीनचे एक संयुग प्रतिपिंडाला जोडले. ते निळे चमकले, पण ऊतक स्वतःही निळसर चमकते, तेव्हा फरक कळेना. मग आडोल्फ बायर यांनी १८७१ मध्ये बनवलेले फ्लुओरेसीन कामी आले. त्याच्या हिरव्याने १९४२ मध्ये उंदरांच्या ऊतकात न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूचा अंश दाखवला. युद्ध तोवर आलेच होते, कून्स सैन्यातून पॅसिफिकला गेले, आणि हे काम पुन्हा सुरू व्हायला युद्ध संपावे लागले.

मोठी अडचण रसायनाची होती. फ्लुओरेसीनचे जे रूप प्रतिपिंडाला चिकटे, ते बनवायला फॉस्जीन लागे, म्हणजे पहिल्या महायुद्धातला विषारी वायू. १९५८ मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या रिग्ज, साइवाल्ड, बर्कहॉल्टर आणि डाउन्स यांनी त्याचे आयसोथायोसायनेट रूप पुढे आणले. ते हाताळायला सोपे आणि टिकाऊ होते. ‘एफआयटीसी’ म्हणून ते आजही वापरात आहे. मला हा टप्पा मूळ कल्पनेइतकाच मोलाचा वाटतो, कारण इथूनच ही विद्या मोजक्या रसायनतज्ज्ञांच्या दाराबाहेर पडली. शिवाय दर प्रतिपिंडाला रंग जोडत बसायची गरजही तोवर संपली होती: सशाचे प्रतिपिंड बिनरंगाचे सोडायचे, आणि सशाच्या प्रतिपिंडाला ओळखणारे, शेळीत तयार केलेले रंगीत प्रतिपिंड त्याच्यावर बसवायचे.

आता गप्प जनुकांकडे. १९२८ मध्ये एमिल हाइट्झ यांना दिसले, की पेशीचे विभाजन झाल्यावर गुणसूत्रे उलगडतात, पण त्यांचे काही भाग घट्ट आणि गडदच राहतात. त्यांनी नाव दिले हेटरोक्रोमॅटिन. दोन वर्षांनी हर्मन मुलर यांना क्ष-किरणांच्या प्रयोगात लाल-पांढऱ्या ठिपक्यांच्या डोळ्यांच्या फळमाश्या मिळाल्या. डोळा लाल करणारे जनुक शाबूत होते, फक्त जागा बदलून हेटरोक्रोमॅटिनच्या शेजारी गेले होते आणि काही पेशींत मुके झाले होते. त्या शेजारात असते तरी काय?

उत्तराचा पहिला धागा १९८६ मध्ये एका प्रतिपिंडानेच दिला. थरप्पेल जेम्स आणि सारा एल्गिन यांनी फळमाशीच्या केंद्रकातल्या प्रथिनांवर प्रतिपिंडे तयार केली होती. त्यातले एक लाळग्रंथीच्या जाडजूड गुणसूत्रांवर सोडले, तर ते मुख्यतः हेटरोक्रोमॅटिनच्या जागीच चमकले. त्या प्रथिनाला एचपी-१ म्हणू लागले. त्याचे जनुक बिघडले की मुकी जनुके बोलू लागतात, हे १९९०मध्ये कळले. म्हणजे आधी दिवा लागला, घर कोणाचे ते मागून समजले. पुढच्याच वर्षी रेनाटो पारो आणि डेव्हिड हॉग्नेस यांना पॉलिकोंब या दुसऱ्या मौनकारी प्रथिनात एचपी-१शी जुळणारा एक तुकडा आढळला, क्रोमोडोमेन. आडनाव वेगळे, गाव वेगळे, पण देवक एक निघावे तसे.

माणसाच्या पेशीकडे येताना दुसरी खाट लागते. स्क्लेरोडर्मात कातडी ताठ होत जाते, थंडीत बोटे पांढरी, मग निळी पडतात. १९८० मध्ये अशा काही रुग्णांचे सीरम मानवी पेशींवर टाकले, तेव्हा गुणसूत्रांच्या सेंट्रोमिअरपाशी इवले ठिपके चमकले. सशाला टोचून जे मिळवावे लागते, ते या रुग्णांच्या रक्तात आपोआप तयार होते, त्यांच्याच केंद्रकाविरुद्ध. त्यांतल्या काहींची प्रतिपिंडे क्रोमॅटिनमधल्या, म्हणजे गुणसूत्रांच्या द्रव्यातल्या, आणखी एका प्रथिनालाही धरत. १९९३ मध्ये विल्यम अर्नशॉ यांच्या गटाने तीच गळाला लावून मानवी एचपी-१च्या तीन भावंडांपैकी अल्फाचे जनुक बाहेर काढले. त्या रुग्णांची नावे कुणाला ठाऊक नाहीत, आणि नसावीतही. पण आज डॉक्टर केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी ‘एएनए’ तपासणी लिहून देतात आणि तंत्रज्ञ काचपट्टीवर हिरवे ठिपके शोधतो, तेव्हा मला त्यांची आठवण होते. त्या काचपट्टीवरच्या हेप-२ पेशीही मुळात हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन कर्करुग्ण बाईंच्या, १९५१ मध्ये त्यांना न विचारता घेतलेल्या, हे नंतरच्या तपासण्यांत उघड झाले.

या ठिपक्यांवर किती विसंबावे? २००३ मध्ये एचपी-१ला चमकते प्रथिन जोडून ते जिवंत पेशीत पाहिले गेले. लेसरने एक ठिपका विझवला, तर मिनिटाच्या आत तो पुन्हा उजळला. पाणपोईवर गर्दी कायम असते, माणसे मात्र सारखी बदलत असतात. फॉर्माल्डिहाइडने थिजवलेल्या पेशीत ही ये-जा दिसणे शक्यच नव्हते. दुसरा धोका खुद्द प्रतिपिंडांचा. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या खुणा ओळखणारी २००हून अधिक प्रतिपिंडे तपासून २०११ मध्ये जो अहवाल निघाला, त्यात चौथ्या हिश्श्याहून जास्त नेमकेपणाच्या कसोटीवर नापास झाली होती. त्यामुळे काळजीने काम करणारा माणूस शेजारी आणखी एक काचपट्टी ठेवतो. तिच्यावरच्या पेशींतून शोधायच्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकलेले असते. तेच प्रतिपिंड, तोच रंग, तेवढाच वेळ. मग दिवे मालवून आधी तीच पाहतो, आणि तिथे काळोख असला तरच पहिलीकडे वळतो.