आमच्या पायाखालचा ज्वालामुखी

परवा इटलीतल्या नेपल्सबद्दल वाचत होतो. शेजारीच व्हेसुव्हियस. इ.स. ७९ मध्ये यानेच पाँपेई गाडलं, शेवटचा उद्रेक १९४४ सालचा. तरी लोक त्याच्या उतारावर द्राक्षं लावतात, घरं बांधतात, पोरांची लग्नं करतात. मनात आलं, कशी राहतात ही माणसं? आणि लगेच आलं, आपण मोडनिंबकर तरी कुठे राहतो?

ज्वालामुखीवरच की! आपला थंड झालाय इतकंच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एक थर निवायचा, मग त्यावर दुसरा. आजही हे थर जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. सह्याद्रीत जाड, पूर्वेकडे पातळ होत गेलेले.

भूगर्भशास्त्र न शिकताही आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं. विहीर खणली की आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाषाण लागला की सुरुंग. ज्वारी पिकवणारी काळी माती म्हणजे त्याच लाव्ह्याची झिजून झालेली भुकटी. ती ज्वारी दळणारं जातं त्याच दगडाचं, पाटा-वरवंटाही त्याचाच. म्हणजे भाकरीच्या पिठापासून चटणीपर्यंत सगळं ज्वालामुखीचंच देणं!

आणि घरंही. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि माळवद. उन्हाळ्यात आत गारवा. पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर घालायचा, म्हणजे गळत नाही. जुना थर मात्र कुणी काढत नसे. आजोबांची माती, त्यावर वडिलांची...

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. सरकारी मोजणीप्रमाणे जवळपास ८ हजार माणसं गेली. किल्लारी आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. पुढच्या कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो. तेव्हा लोक विचारायचे, खाली ज्वालामुखी आहे का हो?

नव्हता. नंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडलं. साधारण ३३८ मीटरवर लाव्ह्याचे थर संपले आणि खाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला. हादरा आला तो या जुन्या खडकातून. लाव्हा म्हणजे नुसतं वरचं पांघरूण.

माणसं मात्र त्या पांघरुणाच्याच दगडाखाली गेली. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, मध्ये नुसती भरड आणि माती. भिंती फाटल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. दगडाचा दोष नाही. तोच दगड, पण मध्ये मध्ये भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातले असते आणि वरचं ओझं हलकं ठेवलं असतं, तर कितीतरी जीव वाचले असते.

नेपल्सकरांना निदान समोर डोंगर दिसतो, त्यामुळे आठवण राहते. आपला धोका ज्या घरात सुखाने झोपतो त्या घरातच असतो, म्हणून विसरायला होतं.

असो. नातेवाईक मंडळींनो, गावाकडे तुमचं जुनं माळवदाचं घर अजून उभं असेल, तर पुढच्या खेपेला वर किती माती साठलीय ते बघा. आणि उतरवता येईल तेवढी उतरवा.