फिलाडेल्फियातला पहिला हिवाळा

गेल्या पौषातली गोष्ट. चौथीच्या वर्गात मी डॉ. आनंदीबाई जोशी यांची माहिती सांगत होतो. फळ्यावर सनावळी लिहून झाली होती : जन्म १८६५, अमेरिकेस प्रयाण १८८३, पदवी १८८६, मृत्यू १८८७. एवढ्यात मागच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, तिकडे तर बर्फ पडतो. त्यांना थंडी नाही का वाजली?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि “बस खाली” म्हणून पुढे गेलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. आमचा हा नाशिक जिल्हा. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या पेटतात, आणि आम्ही घोंगडी पांघरून ‘काय ही थंडी!’ म्हणून हाय खातो. मग कल्याणसारख्या दमट, उबदार गावी वाढलेल्या, अठरा वर्षांच्या त्या मुलीने तो पहिला हिवाळा काढला तरी कसा? वीस वर्षे मी पोरांना तिची पदवी सांगत आलो. तिची थंडी मात्र मी एकदाही सांगितली नव्हती.

यमुनेची आनंदी झाली ती नवव्या वर्षी, लग्नात. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी वडील. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, आणि दहा दिवसांत गेला. बायकांना बाई डॉक्टर हवी, ही गोष्ट तिला पुस्तकातून शिकावी लागली नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने भरसभेत सांगितले, की मी वैद्यकी शिकण्यासाठी जाते आहे, आणि जशी हिंदू म्हणून जाते तशीच परत येईन. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून तिची बोट सुटली. बरोबर पती नव्हते. जूनमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली.

तो उन्हाळा सुखाचा गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी श्रीमती कार्पेंटर यांच्या घरी ती राहिली. या बाईंनी एका दंतवैद्याकडे वाट पाहत बसले असताना मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले होते. एवढ्याशा धाग्यावरून जडलेले नाते! आनंदी त्यांना मावशी म्हणत असे. उन्हाळा सरल्यावर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिचे नाव दाखल झाले. त्या वर्षी दिवाळीची अवस ऑक्टोबरच्या अखेरीस आली. इकडे घरोघर उटणी लागत होती, आणि तिकडे ती परक्या शहरात एकटी होती.

फिलाडेल्फिया चाळिसाव्या अक्षांशावर आहे. तिथला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सव्वानऊ तासांच्या आसपास भरतो. आपल्या मुंबईला तोच अकरा तासांचा असतो. जानेवारीचे सरासरी तापमान पाणी गोठण्याच्या अंशाजवळ. म्हणजे बर्फ पडतो, दिवसा थोडा वितळतो, रात्री पुन्हा घट्ट होतो, आणि सकाळी त्याच निसरड्या वाटेने पाठाला जायचे. नऊवारी लुगडे नेसले की पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्या अंगणात त्याचे काही वाटत नाही, पण त्या वाऱ्यात ते निभणे कठीण. तेव्हा तिने गुजराती पद्धतीने घोळदार नेसायला सुरुवात केली. अंग झाकले, पण साडी सोडली नाही. मांसाहार न करण्याचा शब्दही तिने पाळला. भाजीपाला दुर्मिळ झालेल्या त्या ऋतूत हा शब्द किती महाग पडला असेल, ते घरातल्या बायकांना सांगायला नको.

आणि ती शेगडी! तिच्या खोलीत भिंतीतली शेगडी होती. पण ती नीट पेटत नसे, आणि पेटली तर धूर खोलीत कोंडे. एकतर धूर सोसावा, नाहीतर गारठा. आपल्याकडेही चुलीचा धूर होतो, पण तो कौलांच्या फटींतून वाट काढतो. थंड देशातली घरे ऊब राखण्यासाठी फटी बुजवून बांधलेली. तिथे धुराड्याने ओढ घेतली नाही, की धूर माघारी येतो. आणि खिडकी उघडावी तर बाहेरचा हिवाळा आत येतो. ताप, खोकला आणि डोकेदुखी या सोबतिणींना घेऊनच ती शरीरशास्त्र वाचीत बसे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. थंडीने क्षय होत नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्ये, तिच्या प्रयाणाच्या वर्षभर आधीच, जगासमोर मांडला होता. त्यावरचे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मात्र १९४३ मध्ये सापडले. तेव्हा ‘बर्फाने आनंदीबाईंचा बळी घेतला’ असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. पण आधीच अशक्त शरीर, अपुरे अन्न, कोंडलेली खोली आणि अखंड जागरण, यांनी रोगाला दार उघडून दिले असेल, हे नाकारता येत नाही.

असे तीन हिवाळे तिने काढले. ११ मार्च १८८६ रोजी पदवी हाती आली, तेव्हा समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात तिची नेमणूकही झाली. पण ती जागा तिला सांभाळता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिने डोळे मिटले. वय पुरते बावीसही नव्हते. तिच्या अस्थी गोपाळरावांनी त्या अमेरिकन मावशीकडे पाठवल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. ज्या बर्फातून ती निघून आली, त्याच बर्फाखाली ती दर हिवाळ्यात झाकली जाते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला उभे केले आणि वर्गासमोर म्हणालो, “काल मी हसलो ते चुकले. बाळ, त्यांना थंडी वाजली. फार वाजली. तरी त्या पाठाला गेल्या.”

वर्गात कोणी हसले नाही.

वाचकहो, दिवाळीच्या पहाटे न्हाणीघरातून कुडकुडत बाहेर येणाऱ्या आपल्या मुलीला आई उबदार पंचात गुंडाळून घेते. त्या वेळी एक पणती या मुलीच्या नावानेही लावावी, एवढेच मागणे.