उकिरडा दारातून हलला तेव्हा

गोबरगॅसचा इतिहास आपल्याकडे चुलीपासून सांगतात. सरपण वाचलं, धूर गेला, बायकांचे डोळे वाचले. हे खरंच आहे. पण पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून माझी उमेदीची वर्षं याच कामात गेली, आणि माझं ठाम म्हणणं आहे की हा इतिहास घाणीपासून सुरू होतो.

मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम होता. १८९७ साली तिथल्या मैल्याच्या बंद टाकीतला वायू दिवे लावायला वापरला गेला. मैल्याची विल्हेवाट लावता लावता उजेड हाती लागला. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाईंनी शेणावर प्रयोग केले. शेणी थापून जाळल्या की शेताचं खत चुलीत जातं, ही शेतीची जुनीच अडचण होती. मग १९५१ मध्ये जशभाई पटेलांचं तरंगत्या लोखंडी झाकणाचं 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र आलं, आणि साठच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगानं हीच पद्धत गावोगाव नेली.

मराठी मुलखात हा सफाईचा धागा कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी जपला. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन देहूचे डॉ. मापुसकर संडासालाच गॅसची टाकी जोडत राहिले. या दोघांची नावं मी प्रत्येक सभेत घ्यायचो.

आमचा कोल्हापूर जिल्हा म्हशींचा. गोठा घराला लागून आणि उकिरडा गोठ्याला लागून. आषाढात पाऊस लागला की उकिरड्याचं काळं पाणी गल्लीतून वाहत ओढ्याला मिळायचं, वाटेतल्या आडात मुरायचं. माश्यांमुळे भाकरी झाकून खावी लागायची. वर्षभर साठवलेल्या खताचा कस असा धुऊन जायचा, आणि उरलेल्यातून तणाचं बी शेतात जायचं.

टाकीत हेच शेण बंद होतं. शेण आणि पाणी सारख्या मापानं कालवायचं, काडीकचरा काढायचा आणि तोंडातून सोडायचं. हवा नसलेल्या जागी जिवाणू सुमारे चाळीस दिवस ते कुजवतात. किलोभर ताज्या शेणातून साधारण ४० लिटर वायू निघतो. दोन घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलो शेण, म्हणजे तीन-चार म्हशी पुरतात. जळणारा मिथेन शेगडीत जातो. नत्र मात्र टाकीतून बाहेर पडणाऱ्या काल्यात, म्हणजे स्लरीत राहतं, तिला वास जवळजवळ नसतो आणि माशी बसत नाही.

लोखंडी झाकण आमच्या पावसात गंजायचं. दरवर्षी रंग द्यायला ते उचलायचं म्हणजे दहा गडी गोळा करावे लागत. १९८४ मध्ये 'अफप्रो' संस्थेचं विटांच्या घुमटाचं 'दीनबंधू' आलं आणि सगळी भिस्त गवंड्यावर आली. घुमटाच्या आतल्या गिलाव्याला केसाएवढी भेग राहिली तरी गॅस निसटतो. त्या अंधाऱ्या घुमटात बसून थरावर थर घोटणाऱ्या गवंड्यांचं नाव कुठल्याच अहवालात नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पहिला वायू पेटत नाही, त्यात कर्बवायूच जास्त असतो. तो सोडून द्यायचा. हे आधी सांगितलं नाही तर माणसं टाकी बिघडली म्हणून शेण घालणंच थांबवतात.

१९८१-८२ पासून गोबरगॅसचा राष्ट्रीय प्रकल्प आला, अनुदान आलं, उद्दिष्टं आली. मोजणी टाक्यांची व्हायची, वर्षअखेरीला किती बांधल्या एवढीच. दारातला उकिरडा हलला का, आडाचं पाणी सुधारलं का, हा रकानाच नव्हता. म्हणून सिलिंडर गावात पोचला तेव्हा टाकीची गरज संपली असं सगळ्यांनी मानलं. अनेक टाक्या बुजल्या, आणि त्यांच्यावर पुन्हा उकिरडे उभे राहिले. माझ्या ओळखीच्या ज्या घरांनी टाकी चालू ठेवली, त्यांतल्या बहुतेकांनी ती उसाला स्लरी मिळावी म्हणून ठेवली. शेगडीवर त्यांचा चहा होतो, स्वयंपाक सिलिंडरवर. आता मोठमोठ्या गोठ्यांसाठी नव्या योजना निघत आहेत. त्यांच्या अर्जात शेणाचं पाणी कुठल्या ओढ्याला जातं, हा प्रश्न पहिल्या पानावर असावा, एवढं मी जिल्हा परिषदेला लेखी कळवलं आहे.