चिलटाच्या रक्ताची बखर

सोलापूरच्या बाजार समितीच्या आवारात डाळिंबाचा हंगाम भरात आलेला असताना, आडत्यांच्या गाळ्यांपुढे लिलावाची बोली चढत असताना, प्रतवारीत बाद ठरलेल्या फुटक्या फळांच्या ढिगावर चिलटांचा जो थवा घिरट्या घालीत असतो, त्याकडे पाहण्याची फुरसत ना आडत्यास असते, ना सांगोल्याहून माल घेऊन आलेल्या बागाईतदारास. तेल्या रोग हा बागेचा वैरी खरा आणि त्याची दहशतही मोठी. परंतु तिळाएवढ्या देहाचे, तांबड्या डोळ्यांचे हे चिलट वैऱ्यांच्या यादीतही बसत नाही, कारण ते धडक्या फळाच्या वाटेस सहसा न जाता आंबलेल्या रसातील किण्वावर उपजीविका करते. आंब्या-पेरूच्या गरात अळी सोडणारी फळमाशी निराळी. ज्या शहराजवळ केगावास 2005 साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले, त्या शहराने या उपेक्षित जीवाच्या रक्ताची बखर एकदा तरी ऐकावी, एवढाच या लेखाचा हेतू.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 1910 साली थॉमस मॉर्गन यांस बाटलीतल्या चिलटांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला आणि आनुवंशशास्त्राच्या दरबारात चिलटाचा शिरकाव झाला. पुढे कित्येक वर्षे विद्वानांचे लक्ष डोळ्यांच्या रंगावर आणि पंखांच्या घडणीवरच खिळून राहिले; रक्ताकडे ते वळले उशिरा, आणि त्याला कारणही तसेच होते. या रक्तात तांबडी पेशी नाही. प्राणवायू सूक्ष्म नलिकांवाटे परस्पर अवयवांना पोचतो. अर्थात रक्तपेशींकडे मुख्यतः उरतो तो बंदोबस्त. ताहिर रिझकी यांनी 1957 साली या पेशींच्या बदलत्या लोकसंख्येवर निबंध प्रसिद्ध केला आणि त्या खात्याचा तपशील उजेडात येऊ लागला.

आमच्या भुईकोट किल्ल्याची शिबंदी डोळ्यांपुढे आणली, म्हणजे ही व्यवस्था चटकन ध्यानात येते. बहुसंख्य पेशी गस्तीच्या शिपायांसारख्या; जंतू दिसला की त्यास गिळून टाकणाऱ्या. शेकडा पाचांच्या आसपास पेशी दारूखान्यासारख्या, पोटात स्फटिक बाळगणाऱ्या. अळी 60 अंश उष्णतेत सुमारे 10 मिनिटे ठेवली, की या पेशी काळ्या पडून त्वचेआडून मिऱ्याच्या कणांसारखे ठिपके दिसू लागतात आणि ते भिंगाखाली मोजता येतात. तिसरा वर्ग निरोगी अळीत जवळजवळ नसतोच. परंतु एखादी परोपजीवी गांधीलमाशी अळीच्या देहात आपले अंडे घालून गेली, की रुंद, चपट्या पेशींची नवी भरती होते आणि या पेशी अंड्याभोवती कडे करून त्यास गुदमरवतात. यांतील काही शिपाई गर्भावस्थेतच नेमलेले असतात. राखीव शिबंदी मात्र अळीच्या हृदयनलिकेलगतच्या एका ग्रंथीत तयार होते, आणि तेथे काही मोजक्या पेशींचे ठाणे कच्च्या मूलपेशींना हुकूम येईपर्यंत थोपवून धरते.

शिपायांखेरीज विषारी बाणही असतात. स्वीडनमध्ये बोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 साली दाखवून दिले की जंतूंची टोचणी दिली असता चिलटाच्या अंगात जंतुनाशक द्रव्ये उत्पन्न होतात. त्यांतील बुरशीविरुद्धच्या द्रव्यास इशारा देणाऱ्या 'टोल' जनुकाचा उलगडा 1996 साली स्ट्रासबूर्ग येथे ब्रुनो लमेत्र आणि ज्यूल्स हॉफमन यांनी केला. त्याच घराण्यातील जनुके मनुष्यातही सापडली, आणि 2011 सालच्या नोबेल पारितोषिकात हॉफमन यांचा वाटा ठरला.

आपल्या देशाचे या बखरीतील पान संस्कृत शब्दाने उघडते. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात मनीषा इनामदार यांच्या प्रयोगशाळेने चिलटाच्या रक्तपेशींत प्रकट होणारे एक जनुक 2003 साली जगापुढे मांडले आणि त्यास 'असृज्', म्हणजे रक्त, असे नाव दिले. हे जनुक निकामी झाले, तर ग्रंथीतील मूलपेशी अकालीच पक्व होऊन राखीव शिबंदी रिती होते. याच प्रयोगशाळेत या विषयावर काम केलेले रोहन खाडिलकर यांनी पुढे खारघरच्या 'ॲक्ट्रेक'मध्ये, टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत, चिलटाच्या मूलपेशींचा अभ्यास मांडला. कर्करोगाच्या संस्थेत चिलटे कशाला, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. तर स्फटिकपेशी घडविणाऱ्या 'लोझेंज' या जनुकाचा मानवी भाऊबंद बिघडला, म्हणजे माणसास रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे त्याचे उत्तर.

तेव्हा पुढील हंगामात फुटक्या डाळिंबावरचे चिलट रुमालाने खुशाल हाकलावे. मात्र त्याला क्षुद्र म्हणू नये.