खेळण्यातला ट्रॅक्टर, खरा गंज

दुकानातून नवा कोरा डाय-कास्ट ट्रॅक्टर आणायचा. हिरवागार किंवा लालभडक, चकचकीत. घरी आल्यावर ड्रिलने त्याचे रिव्हेट उडवायचे, सगळे भाग सुटे करायचे, पेंट रिमूव्हर लावून रंग काढायचा, कानस मारायची, लांबी भरायची, पुन्हा रंगवायचं. आणि एवढं सगळं झाल्यावर त्या नव्या रंगावर गंज, चिखल, ऑइलचे ओघळ चढवून तो पंधरा वर्षं शेतात राबल्यासारखा दिसेपर्यंत थांबायचं नाही!

तुम्ही म्हणाल, काय हे रिकामटेकडे उद्योग. पण अमेरिकेत आणि युरोपात हजारो मोठी माणसं वर्षानुवर्षं हेच करतायत, आणि त्यात शेतकरीच कमी नाहीत. ज्याच्या अंगणात खराखुरा ट्रॅक्टर उभा आहे, त्याला छोटा ट्रॅक्टर ‘खरा’ करण्याची गरज का पडावी? याचं उत्तर थोडं इतिहासात आहे.

सुरुवात झाली बिडाच्या ट्रॅक्टरपासून. १९२० च्या दशकात इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट गावची आर्केड ही कंपनी फोर्डसन ट्रॅक्टरची छोटी बिडाची प्रतिकृती विकायची. १९३० च्या आसपास त्याच राज्यातल्या एका शिलाई मशीनच्या कंपनीने ‘व्हिन्डेक्स’ नावाने जॉन डिअरची खेळणी काढली. (बिडाची भट्टी घरचीच, मग मशीनच्या पायांबरोबर ट्रॅक्टरही ओतले तर काय बिघडलं?) ही खेळणी जड आणि ठोकळेबाज होती. चालवणाऱ्याची आकृतीही बऱ्याचदा ट्रॅक्टरबरोबरच ओतलेली असायची. हुबेहूब असणं ही अपेक्षाच नव्हती. पोराने आपटलं तरी तुटू नये, एवढंच.

मग आलं १९४५ साल. आयोवा राज्यातल्या डब्यूक शहरात फ्रेड एर्टल नावाचा साचेकाम करणारा एक कारागीर होता. हाताला काम नव्हतं, पण ओतकाम येत होतं. युद्धातून उरलेले विमानांचे अॅल्युमिनियमचे पिस्टन त्याने घरच्या भट्टीत वितळवले आणि वाळूच्या साच्यात ओतून छोटे ट्रॅक्टर बनवले. जोडणी आणि रंगकामाला घरचीच माणसं. ही खेळणी इतकी चालली, की जॉन डिअर आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरसारख्या कंपन्या त्याच्याकडून आपल्या ट्रॅक्टरच्या प्रतिकृती बनवून घेऊ लागल्या. १९५९ मध्ये कारखाना जवळच्या डायर्सव्हिलला हलला.

यातली गंमत लक्षात घ्या. हे खेळणं ट्रॅक्टरच्या डीलरकडे मिळायचं. म्हणजे बाप सुटा भाग घ्यायला गेला की पोरगं काउंटरवरच्या छोट्या ट्रॅक्टरसाठी हट्ट धरणार. एकास सोळा या स्केलमधला तो ट्रॅक्टर एका अर्थी जाहिरात होता, पुढच्या पिढीचं गिऱ्हाईक आधीच बुक करणारी. त्यामुळे तो कसा दिसणार? तर माहितीपत्रकातल्या फोटोसारखा. नवा, स्वच्छ, बिनओरखड्याचा.

अटलांटिकच्या पलीकडे वेगळीच गोष्ट चालू होती. शिशाचे सैनिक बनवणाऱ्या ब्रिटन्स कंपनीने १९४८ मध्ये फोर्डसन मेजर बाजारात आणला. तो एकास बत्तीस स्केलचा, कारण त्यांचे ५४ मिलिमीटर उंचीचे सैनिक आणि शेतावरची माणसं साधारण त्याच मापाची होती. आज युरोपात एकास बत्तीसचं राज्य आहे आणि अमेरिकेत एकास सोळा आणि एकास चौसष्टचं, त्यामागे अशी साधी कारणं आहेत. कुणीतरी एक आकडा ठरवतो आणि पुढच्या सगळ्यांना बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी सांभाळत बसावं लागतं. आपल्या क्षेत्रातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. :)

आता थोडं तांत्रिक. कारखान्यातला ट्रॅक्टर खोटा का दिसतो? तर त्याचं कारण डाय-कास्टिंगमध्येच आहे. जस्त आणि सुमारे ४ टक्के अॅल्युमिनियम असा मिश्रधातू (याला झमॅक म्हणतात) साधारण ३८० अंशांना वितळायला लागतो. तो दाबाने पोलादी साच्यात भरायचा, गार झाला की साच्याचे दोन भाग उघडायचे आणि वस्तू बाहेर. पण ती न अडकता बाहेर यायची तर प्रत्येक भिंतीला थोडा उतार ठेवावा लागतो, आणि आतल्या बाजूला वळलेली खाच साध्या साच्यात करता येत नाही. म्हणून सायलेन्सरचा पाइप भरीव, पुढची जाळी बंद, आणि दोन साचे जिथे मिळतात तिथे बॉनेटवरून जाणारी एक बारीक रेघ. शिवाय खेळणं लहान मुलाचं, त्यामुळे टोकदार काही नको, नाजूक लिव्हर नको, आणि आस जाडजूड हवा.

रंगाचंही तेच. समजा रंगाचा थर ०.१ मिलिमीटर आहे. एकास सोळाच्या हिशेबाने तो खऱ्या ट्रॅक्टरवर १.६ मिलिमीटर झाला. एवढा जाड रंग कुठला पेंटर मारतो? म्हणून आधी सगळा रंग काढायचा आणि एअरब्रशने पातळ थर द्यायचा. वर रंग जरासा फिकाही करायचा, कारण लांबून बघितलेली मोठी वस्तू फिकी दिसते आणि छोटं मॉडेल आपण नकळत लांबून बघितल्यासारखंच बघत असतो.

तर अशा डिफॉल्ट सेटिंगमधल्या ट्रॅक्टरला हात घालणारे पहिले लोक कोण? बऱ्याच अंशी तेच, ज्यांनी लहानपणी हे ट्रॅक्टर गालिच्यावर नांगराला लावले होते. मोठेपणी त्यांना आपल्या बापाचा ट्रॅक्टर हवा होता, आणि कारखाना प्रत्येक मॉडेल थोडीच काढणार? पोलादी साचा महाग, हजारो नग खपल्याशिवाय परवडत नाही. मग एका मॉडेलचं बॉनेट, दुसऱ्याची चाकं, पत्र्याची केबिन असं जोडकाम सुरू झालं. काहींनी तर एर्टलसारखंच वाळूच्या साच्यात स्वतःचं ओतकाम केलं. १९७८ मध्ये ‘टॉय फार्मर’ हे मासिक निघालं आणि त्याच वर्षी डायर्सव्हिलला शेती-खेळण्यांचं पहिलं राष्ट्रीय प्रदर्शन भरलं. १९८६ मध्ये त्याच गावात संग्रहालयही उघडलं. (‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ हा १९८९ चा सिनेमा ज्या शेतात चित्रित झाला, तेही याच गावचं.)

या तारखांकडे पुन्हा एकदा बघा. १९७८ ते १९८६. अमेरिकन शेतीची याच काळात वाट लागत होती. सत्तरच्या दशकात धान्याला भाव होता, जमिनीला त्याहून जास्त, आणि बँका बोलावून बोलावून कर्ज देत होत्या. मग महागाई आवरायला व्याजदर वाढवले गेले. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मूळ दर २१.५ टक्क्यांवर गेला. १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत आयोवातल्या जमिनीचा सरासरी भाव सुमारे ६३ टक्क्यांनी पडला. तारण जमीन, आणि तिचीच किंमत गेली. गावोगाव लिलाव झाले. घरासमोर ट्रॅक्टर, नांगर, पेरणीयंत्रं ओळीने उभी, आणि बोली लावायला शेजारीपाजारी.

कंपन्याही सुटल्या नाहीत. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेती विभाग टेनेको या समूहाने घेऊन आपल्या केस कंपनीत मिसळला, आणि रॉक आयलंडच्या फार्मॉल कारखान्यातून मे १९८५ मध्ये शेवटचा ट्रॅक्टर बाहेर पडला. अॅलिस-चाल्मर्सचा ट्रॅक्टर विभाग त्याच वर्षी जर्मन मालकीचा झाला. ऑलिव्हर आणि मिनियापोलिस-मोलिन ही नावं तर आधीच पुसली गेली होती.

माझ्या मते छोट्या ट्रॅक्टरच्या या छंदाला इथे वेगळं वजन आलं. आधीचा प्रश्न होता, ‘हे मॉडेल फार्मॉल एमसारखं दिसतं का?’ आता प्रश्न झाला, ‘हे आमच्या फार्मॉल एमसारखं दिसतं का?’ या दोन प्रश्नांत फक्त एका शब्दाचा फरक आहे, पण काम पूर्ण बदलतं. पहिल्यासाठी कंपनीचं माहितीपत्रक पुरतं. दुसऱ्यासाठी आठवावं लागतं.

काय काय आठवायचं? गंज कुठे चढतो ते. सायलेन्सर सगळ्यात आधी गंजतो, कारण उष्णतेने त्याचा रंग जळतो. क्लचचं पेडल मात्र कधीच गंजत नाही, बुटाने घासून ते लखलखीत असतं. पायरीवरचा रंग उडालेला, तोही ज्या बाजूने माणूस चढतो त्याच बाजूचा. हायड्रोलिक पाइपच्या सांध्यातून तेल पाझरतं, त्यावर धूळ बसते आणि काळा लेप तयार होतो. अमेरिकेत वजन वाढवायला मागच्या टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरायची पद्धत होती. ते झिरपलं की व्हॉल्व्हच्या आसपासची रिम खाऊन जायची. हे ज्याला माहीत आहे तो गंजाचा ठिपका बरोबर तिथेच देणार. शिवाय टायर तळाशी किंचित घासून सपाट करायचा. तेवढ्याने अर्ध्या किलोचं मॉडेल एकदम दोन-अडीच टनांचं वाटायला लागतं.

चाकांमधलं अंतरही बोलतं. मक्याच्या ओळी पूर्वी साधारण ४० इंचांवर असत, कारण मधून घोडा जायला हवा. घोडे गेल्यावर पुढे त्या ३० इंचांवर आल्या. ट्रॅक्टर दोन ओळी पोटाखाली घेऊन चालतो, म्हणजे मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंचांवरून ६० वर आलं. एकास सोळात हा फरक सव्वातीन सेंटिमीटरचा. जाणकार माणूस मॉडेलच्या चाकांकडे बघून विचारतो, ‘हे कुठल्या सालचं शेत?’

अर्थात सगळ्यांनाच हे पटत नाही. जुन्या खेळण्यांच्या संग्राहकाला मूळ रंग प्राणाहून प्रिय. खोकं शाबूत असेल तर किंमत अजून वर. त्याच्या दृष्टीने ड्रिल घेऊन बसलेला माणूस म्हणजे गुन्हेगारच. आणि बाजाराच्या हिशेबाने त्याचं बरोबरही आहे. दुर्मिळ नग पुन्हा रंगवला की त्याची किंमत पडते. म्हणून शहाणे लोक असल्या कामाला तुटकं किंवा नेहमी मिळणारं मॉडेल घेतात.

पण माझं मन थोडं ड्रिलवाल्याच्या बाजूने झुकतं. कारण मोठ्या ट्रॅक्टरांचं काय झालं ते बघा. जे जुने ट्रॅक्टर वाचले, त्यातले कितीतरी हौशी लोकांनी नव्यासारखे करून ठेवले. शोरूममध्ये शोभतील असे. तसं करताना मडगार्डवरचा पोचा ठोकून काढला, शेतावरच केलेलं वेल्डिंग घासून टाकलं, बसून बसून फाटलेली सीट फेकून दिली. यंत्र राहिलं, पण त्यावर राबलेल्या माणसाच्या खुणा गेल्या. आता त्या खुणा कुठे सापडत असतील तर बऱ्याचदा शेल्फवरच्या वीतभर मॉडेलवर. मोठा ट्रॅक्टर माहितीपत्रकासारखा झाला आणि खेळण्यातला ट्रॅक्टर शेतातल्यासारखा. उलटापालट झाली ना सगळी?

एक शंका मात्र राहतेच. गंज रंगवला की तो सुंदर दिसतो. पोचा पडलेला, फिकट लाल ट्रॅक्टर बघून आपल्याला भरून येतं, पण ज्याने तो दुरुस्तीला पैसे नव्हते म्हणून तसाच चालवला, त्याला ते दृश्य इतकं हृद्य वाटलं असेल का? बँकेची नोटीस एकास सोळामध्ये करता येत नाही. कितीही हुबेहूब केलं तरी एवढी जागा मोकळी राहणार, आणि बघणाऱ्याने ती विसरू नये.

आपल्याशी याचा एक धागा जुळतो. याच इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर महिंद्रने १९६३ मध्ये भागीदारी केली, आणि त्यातून आलेला बी-२७५ आपल्याकडच्या कितीतरी गावांनी पहिला ट्रॅक्टर म्हणून पाहिला. त्याचं मॉडेल कुणी मनापासून करायला घेतलं तर नुसता लाल रंग देऊन भागणार नाही. बॉनेटवर ‘आईचा आशीर्वाद’ हवं, पुढे लिंबू-मिरची, दसऱ्याच्या झेंडूचा सुकलेला हार, आणि दोन्ही मडगार्डांवर बसून बसून गुळगुळीत झालेली जागा. विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवतात, त्यामुळे ही कल्पना आपल्याला फार परकी वाटायचं कारण नाही.

आता कारखानेसुद्धा सुधारलेत. लिव्हर, वायरी, पाइप सगळं असलेली महाग मॉडेल्स तयार मिळतात. थ्रीडी प्रिंटरमुळे हवा तो सुटा भाग घरी निघतो. म्हणजे हुबेहूब आकार हे आता फार मोठं कौतुक राहिलं नाही. पण डाव्या मडगार्डवर पोचा नेमका कुठे होता, आणि तो कुणी, कोणत्या फाटकाला धडकून पाडला, ही फाइल कुठूनही डाउनलोड होत नाही. ती ज्याच्या डोक्यात आहे त्यानेच वेळेवर उतरवून ठेवायची.

तुमच्या गावाकडे जुना ट्रॅक्टर उभा असेल तर पुढच्या सुट्टीत त्याचे फोटो काढून ठेवा. धुवायच्या आधी.