घरात कापूस अन् हातात ग्राइंडर! दुरुस्तीची हत्यारं घेताना-वापरताना हे ध्यानात ठेवा

अमरावती/अकोला : अक्षय्य तृतीया झाली की मृग लागेपर्यंत वऱ्हाडातल्या गावांत दुरुस्तीची लगबग असते. घरावरची टिनं बदलायची, गोठ्याचा पाइप जोडायचा, वखराची पास पाजवायची, कूलर काढून सुरू करायचा. पूर्वी यातलं बरंच काम गावातल्या सुतार-लोहाराकडं जायचं. आता ड्रिल अन् ग्राइंडर तालुक्याच्या बाजारात सहज मिळतात. मशीन घरात आली, पण ती चालवायची शिस्त सोबत आलीच असं नाही. त्यात याच दिवसांत भाव वाढण्याची वाट पाहत काही घरांत कापूस भरून असतो, अंगणात पऱ्हाटीचा ढीग अन् गोठ्यात कुटार असतं. म्हणून कोणतं हत्यार आधी घ्यावं आणि कुठं जपावं, याची ही माहिती.

आधी हाताची हत्यारं

घरच्या पेटीत पक्कड, चपटा आणि स्टार पेचकस, टेस्टर, हातोडी, टेप, आरी, कानस आणि पान्यांचा संच एवढं असलं तरी बहुतेक कामं निघतात. पाना बोल्टच्या मापाचाच लावावा. साधारणपणे 6 एमएमच्या बोल्टला 10 नंबरचा पाना लागतो, 8 एमएमला 13, 10 एमएमला 17 आणि 12 एमएमला 19. ढिला पाना लावून जोर दिला की बोल्टचे कोपरे गोल होतात. मग तो कापूनच काढावा लागतो.

आरीचं पातं लावताना दात मुठीकडं नाही, पुढच्या बाजूला हवेत. आरी पुढं ढकलताना कापते, मागं ओढताना जोर देऊ नये. पातळ पत्रा किंवा पाइप कापायला बारीक दातांचं पातं घ्यावं. एका वेळी निदान तीन दात लोखंडावर टेकले नाहीत तर पातं अडकून तुटतं.

हातोडी, कुऱ्हाडीचा दांडा हलत असेल तर काम थांबवावं. दांड्यासाठी धावड्याचं लाकूड चांगलं, ते चिवट असतं आणि दणका सोसतं.

ड्रिल : भिंत कशाची, ते पाहा

विटा-सिमेंटच्या भिंतीला भिंतीची बीट लावून हॅमरचं बटन चालू करावं. लोखंड आणि लाकडाला हॅमर बंद ठेवावा, नाहीतर बीट बोथट होते. 6 एमएमच्या गिट्टीला 6 एमएमचंच भोक हवं. मातीच्या भिंतीत प्लास्टिकची गिट्टी धरत नाही, तिथं लाकडी खुंटी ठोकलेली बरी. लोखंडाचा तुकडा हातात धरून भोक पाडू नये. बीट अडकली की तुकडाच गरगर फिरतो अन् हात कापतो. तो शिकंज्यात कसावा. ड्रिल चालवताना ढिले हातमोजे, उपरणं, ओढणी नको.

ग्राइंडर : सगळ्यात जपायचं मशीन

घरगुती ग्राइंडरला साधारण 100 एमएमची डिस्क लागते आणि ती मिनिटाला 11 हजारांच्या आसपास फेरे घेते. म्हणजे डिस्कच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. फुटलेला तुकडा त्याच वेगानं डोळ्याकडं येऊ शकतो. म्हणून :

- डिस्कवर लिहिलेला फेऱ्यांचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा कमी नसावा.
- ओली झालेली, तडा गेलेली, मुदत संपलेली डिस्क फेकून द्यावी.
- गार्ड काढू नये. मशीन दोन्ही हातांनी धरावी, डोळ्यांवर चष्मा हवाच.
- कापायच्या पातळ डिस्कनं घासू नये.
- लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावू नये. ते लाकडात अडकलं की मशीन उसळून मांडीवर, पोटावर येते.
- डिस्क बदलण्याआधी प्लग काढावा.

ठिणगी अन् कापूस

ग्राइंडर आणि वेल्डिंगची ठिणगी लांब उडते. कापूस, कुटार, पऱ्हाटी, डिझेलची कॅन यांच्यापासून निदान 35 फूट दूर काम करावं. ग्राइंडर दाराकडं तोंड करून चालवला आणि आत कापूस असला, तर धोका डोळ्यांना दिसत नाही. कापूस लगेच भडकत नाही. ठिणगी आत शिरून धुमसत राहते आणि माणसं जेवायला बसली, झोपली की आग वर येते. म्हणून काम संपल्यावर अर्धा ते एक तास जागेवर लक्ष ठेवावं. पाण्याची बादली आणि ओलं पोतं काम सुरू करायच्या आधीच जवळ हवं.

करंट : एमसीबी असली तरी बेफिकीर नको

एमसीबी वायर जळू देत नाही, पण माणसाला शॉक लागला तर ती पडेलच असं नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवावी आणि तिचं टेस्ट बटन अधूनमधून दाबून पाहावं. तीन पिनांच्या मशीनची जाड पिन अर्थिंगची असते, ती तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये लावू नये. चौकोनात चौकोन अशी खूण असलेली मशीन दुहेरी इन्सुलेशनची असते, तिला दोन पिना चालतात.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगच्या सळईभोवती माती सुटली की अर्थिंग कमजोर पडतं. त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहावं. कूलरची टाकी, पंप, पंखा हाताळताना नुसतं बटन बंद करून भागत नाही, प्लगच काढावा. टेस्टरचा दिवा उन्हात नीट दिसत नाही, म्हणून तो आधी चालू सॉकेटवर तपासून घ्यावा.

कोणाला करंट लागला तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते जमत नसेल तर घरच्या लाइनवर कोरड्या लाकडानं वायर बाजूला करावी, पण खांबावरच्या तुटलेल्या तारेजवळ जाऊच नये. लगेच 108 वर फोन करावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देत राहावं.

'दोन मिनिटाचं काम हाय, एवढ्यानं काय होते बावा' असं म्हणूनच चष्मा पेटीत राहतो अन् कापूस जागेवर. तो दूर सारायला अर्धा तास लागतो. वर्षभराची मेहनत मात्र एका ठिणगीत जाते.